नदीवर पोरं नेण्याची कृती
(नवशिक्या प्राध्यापकांसाठी)

साहित्य: एक नदी (पुण्यात असाल तर मुठा चालेल), साठ विद्यार्थी, बॅनर, हातमोजे, बिस्किटांचे पुडे. बॅनर आधी छापून घ्यावा. नदी रविवारीही असते, फ्लेक्सवाल्याचं दुकान नसतं.

सर्वोच्च न्यायालयाने १९९१ साली सांगितल्यापासून पर्यावरण हा विषय शिकवणं सक्तीचं आहे. त्यामुळे पोरांना प्रकल्पवही द्यावीच लागते, आणि ती कॉलेजसमोरच्या झेरॉक्सवाल्याकडे तयार मिळते. तीत नदी बहुधा गंगा असते. हरकत घेऊ नये. तपासायला सोपं जातं.

कृती: सकाळी साडेआठला घाटावर जमावं. जिओटॅगवाला फोटो काढावा. नॅकच्या फायलीला अक्षांश-रेखांश लागतात, चौकटीत नदी आलीच पाहिजे असं काही नाही. मग जलपर्णी ओढून काठावर ढीग घालावा. पावसाळ्यात धरणातून पाणी सोडलं की ढीग आपोआप नदीत जातो आणि पुढच्या वर्षीच्या कार्यक्रमाची सोय होते.

इथे थांबलात तर धोका नाही. मी थांबलो नाही. मी बाटली नेली.

बाटली काचेची, तीनशे मिलीची, घट्ट बुचाची. ती पाण्याखाली तिरकी धरून सावकाश भरायची. नळाखाली धरल्यासारखी गळगळ भरली तर बुडबुड्यांतून हवेतला ऑक्सिजन मिसळतो आणि अहवालात नदी सुधारते. (ही युक्ती फक्त पोरांनाच सुचते असं नाही.) मग पिपेटचं टोक पाण्याखाली ठेवून आधी मँगनीज सल्फेट, नंतर अल्कलीतलं आयोडाइड सोडायचं, बूच लावायचं, बाटली उलटसुलट करायची. खडकवासला धरणाखालून आणलेल्या पाण्यात चहाच्या रंगाचा साका खाली बसला. म्हणजे ऑक्सिजन आहे. संगमावरची बाटली आम्ही सहा जणांनी हलवली. साका पांढराच राहिला, चुन्यासारखा.

अंघोळीच्या पाण्यात लिटरमागे पाच मिलिग्रॅम तरी ऑक्सिजन हवा, हा नियम मी तयारीने सांगून टाकला. तेवढ्यात कॉमर्सचा एक जण काठच्या गाळात बोट घालून म्हणाला, "सर, ह्यात तर अळ्या वळवळतायत. लाल. ह्या कशावर जगतात?"

मला माहीत नव्हतं. रात्री वाचलं: आपल्या रक्तात असतं तसलंच हिमोग्लोबिन त्यांच्यात असतं, म्हणून अगदी कमी ऑक्सिजनमध्येही त्यांचं भागतं. दुसऱ्या दिवशी सांगायला गेलो, तर त्याने आदल्या रात्रीच शोधून वर्गाच्या ग्रुपवर टाकलं होतं.

नवशिक्यांनी इथे सावध व्हावं. पोरं न बोलावता नदीवर जायला लागली की समजावं, प्रकरण हाताबाहेर गेलं. आमची पोरं खडकवासल्यापासून संगमापर्यंत तुकड्यातुकड्याने चालली. आंबिल ओढा मुठेला मिळतो तिथे दोन जणी नाकाला ओढणी लावून तासभर उभ्या होत्या. एकाने आजीला घाटावर नेलं. १२ जुलै १९६१ ला पानशेत धरण फुटलं तेव्हा पाणी कुठवर चढलं होतं, ते तिने एका वाड्याच्या भिंतीवर हात उंच करून दाखवलं. हात पुरला नाही.

पूररेषांचा नकाशा तर पोरांना दाखवूच नये. पंचवीस वर्षांतून एकदा येणाऱ्या पुराची निळी, शंभर वर्षांतून एकदा येणाऱ्या पुराची लाल, एवढं समजावलं, आणि एकाचा फ्लॅट निळीच्या आत निघाला. संध्याकाळी त्याच्या वडिलांचा फोन. "सर, शिकवा तुम्ही, पण सोसायटीच्या मीटिंगला पोरगा नकाशा घेऊन उभा राहिला. फ्लॅट विकायला काढलाय आम्ही."

शेवटचा प्रयोग बीओडीचा. पाण्यातली घाण किती ऑक्सिजन खाते, ते पाहायला बाटली अंधारात, २७ अंशांवर, तीन दिवस ठेवायची. कॉलेजचं इनक्युबेटर दोन वर्षं दुरुस्तीच्या यादीत होतं. स्टाफरूमच्या कपाटात, चहाच्या कपांमागे ठेवली. वर चिठ्ठी: 'हात लावू नये.'

तिसऱ्या दिवशी बाटली घासून, पालथी घालून ठेवलेली.

"बूच काढून बघितलं, सर," शिपाईमामा म्हणाले, "नासलं होतं. ओतून टाकलं."

वहीत निरीक्षणाच्या रकान्यात पोरांनी तेच लिहिलं.