७१ टक्क्यांचा पराभव

बिरवाडी नाक्यावर सध्या एक फ्लेक्स झळकतो आहे. पावसाळी फुटबॉल सामन्यात चेंडूचा तब्बल ७१ टक्के ताबा राखल्याबद्दल आपल्या संघाचं हार्दिक अभिनंदन. खाली अकरा खेळाडू, वर चौदा शुभेच्छुक. सामना आपण चार-शून्य हरलो, हे फ्लेक्सवर नाही. जागा नसेल. शुभेच्छुक वाढले की काहीतरी गाळावं लागतंच.

हरल्याबद्दल माझी तक्रार नाही. घोटाभर चिखलात, समोरून येतोय तो चेंडू की नारळ हे कळत नसताना चार गोल खाण्यात कसलाही कमीपणा नाही. तक्रार आहे ती ७१ ची.

हा आकडा काढणारा आकडेमास्तर तुमच्याही नाक्यावर आहेच, त्यामुळे त्याचं वर्णन करत बसत नाही. त्याला मी साधं विचारलं, की ७१ टक्के चेंडू आपल्याकडे होता, तर त्यांनी चार गोल केले कधी?

‘‘उरलेल्या २९ टक्क्यांत,’’ तो म्हणाला. आणि वर, ‘‘काका, नुसते गोल काय बघता? प्रोसेस बघा.’’

आकडेमास्तर एमआयडीसीत कामाला आहे. तिथे प्रोसेस उत्तम झाली आणि माल निघालाच नाही, तर साहेब फ्लेक्स लावतात का, हे विचारायचं मी टाळलं. त्याची दुसरी पाळी होती.

तर हा ७१ येतो कुठून? सर्वसामान्य प्रेक्षकाला वाटतं, कुणीतरी दोन घड्याळं घेऊन बसत असेल. चेंडू यांच्याकडे आला की हे चालू, त्यांच्याकडे गेला की ते. पण टीव्हीवर दिसणारा ताब्याचा आकडा पुष्कळदा घड्याळातून येतच नाही. एका संघाने दिलेले पास घ्यायचे, त्यांना दोन्ही संघांच्या एकूण पासांनी भागायचं, झाला ताबा. गोलरक्षकाने डाव्या बचावपटूला दिला, त्याने उजव्याला, उजव्याने पुन्हा गोलरक्षकाला, की तीन पास जमा. चेंडू एक हात पुढे सरकलेला नाही, पण टक्का सरकला. आमच्या संघाने नेमकं हेच केलं, आणि त्यामागे डावपेच होते असा कुणाचा समज होऊ नये. आमच्या गोलसमोरची जमीन तेवढी कोरडी होती. पलीकडे तळं साचलेलं. त्यामुळे चेंडू कोरड्या जमिनीवर इकडून तिकडे फिरत राहिला आणि आमची पोरं बूट न भिजवता ७१ टक्क्यांवर पोचली. पासची अचूकताही म्हणे फार वरची आली. येणारच. पाच पावलांवर उभ्या असलेल्या चुलतभावाला चेंडू द्यायला अचूकता कितीशी लागते? अचूकतेचा आकडा वाचताना आधी विचारायचं असतं, की पास दिला कुठून कुठे. समोरच्याच्या गोलकडे जाणारे पास चुकतात, कारण ते अवघड असतात. एकही पास न चुकलेला खेळाडू फार तर सावध असेल. धोकादायक असेलच असं नाही.

बरं, पलीकडच्या तळ्यात चेंडू रुतून बसायचा, दोन्हीकडची पोरं त्याला लाथा घालायची आणि तो ढिम्म हलायचा नाही. तो वेळ कुणाच्या खात्यात गेला? थोरामोठ्यांनाही ही अडचण पडली असावी. कारण २०२२ च्या विश्वचषकात ताब्याचे दोन नव्हे, तीन रकाने दाखवत होते: या संघाकडे किती, त्या संघाकडे किती, आणि चेंडू कुणाचाच नसून झोंबाझोंबी चालू होती तो वेळ किती. हा तिसरा रकाना बिरवाडीच्या सामन्याला लावला, तर सर्वाधिक ताबा डबक्याचा निघतो. मग फ्लेक्सही डबक्याचाच लागायला हवा. शुभेच्छुक म्हणून बेडूक चालतील. चौदा सहज मिळतील.

हे सगळं रायगड जिल्ह्यात घडावं, याचा मला विशेष राग आहे. हा कबड्डीचा जिल्हा. इथे पोरगं चालायला लागायच्या आधी चढाईला जातं. चढाईला मिळतात ३० सेकंद. चढाईपटू दम धरून आत जातो, या कोपऱ्यातून त्या कोपऱ्यात डुलतो, मांडीवर थाप मारतो, कुणालाही हात न लावता मध्यरेषेवर परत येतो. त्या ३० सेकंदांत सगळं मैदान त्याचंच होतं. गुण किती? शून्य. ‘काय दम राखला’ म्हणून त्याचा फ्लेक्स आजवर या पंचक्रोशीत लागलेला नाही. म्हातारीकोतारीसुद्धा ओरडतात, ‘‘अरे, रिकामा आलास!’’ जी अक्कल आम्हाला हुतूतूत जन्मजात होती, ती फुटबॉलच्या मैदानात पाय ठेवताच कुठे सांडली?

आकडेमास्तराचं म्हणणं असं, की जगात मोठेमोठे संघ ताब्यावरच खेळतात. खरं आहे. आणि ताब्यावरच घरीही जातात. २०१८ चा विश्वचषक, मॉस्को: स्पेनने रशियाविरुद्ध हजारावर पास दिले, सामन्याचा सुमारे पाऊण ताबा ठेवला आणि पेनल्टींवर हरून परतला. चार वर्षांनी कतारमध्ये मोरोक्कोविरुद्ध पुन्हा हजारावर पास. १२० मिनिटांत गोलच्या रोखाने नीट गेलेला फटका एक. मग पेनल्टी आल्या, तर स्पेनची एकही आत गेली नाही. त्याच स्पर्धेत, त्याच स्पेनला, जपानने १८ टक्क्यांच्या आसपास ताबा घेऊन २-१ असं हरवलं होतं. उत्तरार्ध सुरू झाल्यावर सहा-सात मिनिटांत दोन गोल केले आणि मग चेंडू स्पेनला देऊन टाकला: घ्या, खेळा.

मुद्दा सगळा इथे आहे. पुढे असलेला संघ चेंडू सोडून देतो, मागे पडलेल्या संघाला तो घ्यावाच लागतो. ताब्यामुळे गोलफरक होतो असं आपण समजतो; पुष्कळदा गोलफरकामुळे ताबा होतो. २०१४ च्या उपांत्य सामन्यात जर्मनीने ब्राझीलला त्यांच्याच देशात ७-१ असं धुतलं, त्या सामन्याचा कागद काढून बघा. फटके ब्राझीलचे जास्त. ताबाही किंचित ब्राझीलकडेच. एकोणतीस मिनिटांत पाच गोल खाल्लेल्या माणसाला उरलेला तासभर चेंडू मिळणारच, समोरच्याला आणखी काय करायचं असतं? आमच्याही सामन्यात तिसरा गोल झाल्यावर समोरच्या पोलादपूरच्या पोरांनी चेंडूच्या मागे यायचं सोडलं. कोरड्या जमिनीवर आमचं जे कौतुकास्पद पासिंग चाललं होतं, ते त्यातली दोघं कमरेवर हात ठेवून बघत होती. त्या बघण्याचे आम्हाला टक्के मिळाले.

ताब्यावर मी ऐकत नाही म्हटल्यावर आकडेमास्तराने एक्सजी काढला. म्हणजे अपेक्षित गोल. ही वस्तू मुळात वाईट नाही, उलट सगळ्या आकड्यांत जरा शहाणी आहे. पूर्वी मारलेल्या हजारो फटक्यांचा हिशेब मांडून ठेवलेला असतो: गोलपासून किती अंतर, कोन कसा, पायाने की डोक्याने. त्यावरून नव्या फटक्याला शून्य ते एक यांमधला भाव मिळतो. पेनल्टीचा भाव ०.७६ ते ०.७९, कारण शंभर पेनल्टींत साधारण तेवढ्या आत जातात. तीस यार्डांवरून डोळे मिटून हाणलेल्या चेंडूला ०.०२ किंवा ०.०३. असे वीस फटके हाणले, तर वीस फटक्यांचा रुबाब मिळतो आणि बेरीज अर्ध्या गोलच्या आसपास येते. म्हणून फटके किती यापेक्षा कुठून, हे विचारायचं. एका सामन्यात हा आकडा फसवतो. पंचवीस-तीस सामन्यांची बेरीज घेतली की कोणता संघ नशिबावर जगतोय आणि कोणता खरोखर संधी तयार करतोय, ते बऱ्यापैकी दिसतं.

इतकं मला मान्य आहे. पण आकडेमास्तर म्हणाला, ‘‘काका, आपला अपेक्षित गोल ०.८ होता. म्हणजे तसा एक गोल आपला झालाच होता.’’ तसा! मी गोलरक्षकालाही विचारून आलो. त्याच्यावर तसे चार झाले नव्हते, चांगले सणसणीत झाले होते. त्या गोलरक्षकाचं तर वेगळंच. स्पर्धेत सर्वाधिक चेंडू अडवल्याबद्दल त्याचा सत्कार झाला. त्याला नारळ द्या, शाल द्या, माझं काही म्हणणं नाही; पण गोलरक्षकाला एवढे चेंडू अडवावे लागले, तेव्हा त्याच्यापुढचे चार बचावपटू काय करत होते, हा त्या आकड्याचा खरा अर्थ. ते चौघं सत्काराला टाळ्या वाजवत होते. सर्वात जास्त धावलेल्या खेळाडूलाही बक्षीस मिळालं. तो सगळा वेळ चेंडूच्या मागे धावत होता. चेंडू सापडला असता, तर इतकं धावावं लागलं नसतं.

हे फुटबॉलपुरतं असतं तर मी हसून सोडून दिलं असतं. पण टक्क्यांचा हा रोग मैदानातून आलेला नाही. मैदानात तो आपणच नेला. आमच्या इकडून मुंबईला जाणाऱ्या माणसाला विचारा. मुंबई-गोवा महामार्गाचं चौपदरीकरण २०११ साली सुरू झालं. तेव्हा जन्मलेली पोरं आता दाढी करायच्या बेतात आहेत. दरवर्षी गणपती जवळ आले की कामाची टक्केवारी वाढते. इतके टक्के पूर्ण, इतके टक्के किरकोळ बाकी. माणूस पूर्ण झालेल्या टक्क्यांवर आपटत नाही हो, उरलेल्यांत आपटतो! बाळंतीण घेऊन निघालेली गाडी गुळगुळीत रस्त्यावर अडकत नाही. ती त्या किरकोळ बाकीत अडकते, वळणावर, पावसात, समोर ट्रेलर आडवा असताना. तिथे उतरून तिच्या नवऱ्याला सांगायचं का, की बाबा रे, प्रोसेस बघ? आणि पावसाचं म्हणाल, तर २२ जुलै २०२१ ही तारीख आम्हा महाडकरांना सांगावी लागत नाही. सावित्री, गांधारी, काळ या साऱ्या नद्या एकदम वर आल्या, बाजारपेठ बुडाली, तळिये गावावर दरड कोसळली. त्या वर्षीच्या पावसाची हंगामी सरासरी कुणीतरी कोष्टकात व्यवस्थित बसवली असेलच. चार महिन्यांच्या पावसाला चार महिन्यांनी भागलं, की तो दिवस त्यात विरघळून जातो. कोष्टकाला पूर येत नाही. सरासरी कधीच कुणाला बुडवत नाही; बुडवतो तो एक दिवस. जे काही व्हायचं असतं ते उरलेल्या २९ टक्क्यांत होतं, आणि आपण इथे ७१ ला हार घालत बसतो!

असो. रक्तदाब वाढतो.

ज्यांना खरोखर आकडेच बघायचे आहेत, त्यांनी थोडकेच बघावेत. समोरच्याच्या पेनल्टी क्षेत्रात आपण चेंडूला किती वेळा पाय लावला? गोलच्या रोखाने किती फटके गेले, आणि कुठून गेले? समोरच्याच्या अंगणात त्यांचा चेंडू किती वेळा हिसकावला? सामना बरोबरीत असताना काय चित्र होतं, आणि मागे पडल्यावर काय झालं? एवढं वहीच्या एका पानावर मावतं. आमच्या सामन्यात पहिल्या प्रश्नाचं उत्तर एका हाताच्या बोटांवर येतं, आणि त्यातल्या एका वेळी तो पाय समोरच्या संघाचाच होता, असा वाद अजून मिटलेला नाही.

वाद मिटत नाही याचं आणखी एक कारण आहे. आमच्या गोलच्या खांबांना जाळी नाही. चेंडू खांबांच्या आतून गेला की बाहेरून, हे पंच, बघे आणि मागच्या शेताचा मालक मिळून ठरवतात. ज्या मैदानावर गोल झाला की नाही हेच कळायची सोय नाही, तिथे ‘अपेक्षित गोल’ दशांश चिन्हापर्यंत काढला जातो. फ्लेक्सच्या पैशांत एक जाळी आली असती. पण जाळीवर शुभेच्छुकांचे फोटो नीट दिसत नाहीत, भोकं असतात.

मंडळ आता पुढच्या स्पर्धेच्या वर्गणीला निघालं आहे. परवा आमच्या दारात आले. पावतीपुस्तक आकडेमास्तराच्याच हातात. मी त्यांना बसवलं, चहा पाजला, माझं उत्पन्न, वय, घरापासून मैदानाचं अंतर आणि खेळाची आवड हे सारं विचारात घ्यायला लावलं आणि पावती लिहून घेतली: अपेक्षित वर्गणी, रुपये ५०१. प्रत्यक्षात काही दिलं नाही. प्रोसेस मात्र उत्तम झाली. देणगीदारांत माझं नाव घालायला हरकत नाही, फोटो जुना चालेल.