किल्ला बाहेरूनच बरा

म्युनिकहून नॉयश्वानस्टाइनचा किल्ला एका दिवसात पाहून येणं अगदी सहज जमतं, म्हणूनच सगळे जातात आणि म्हणूनच जाऊ नये असं माझं मत आहे. हिशोब सोपा आहे. फ्युसेनपर्यंत आगगाडीचे दोन तास, तिथून पायथ्यापर्यंत बस, मग अर्धा-पाऊण तास चढ, आणि वर पोचल्यावर तिकिटावर छापलेल्या वेळेची वाट पाहत उभं राहणं. ती वेळ चुकली की तिकीट गेलं. त्या बाबतीत आपल्याकडच्या मुहूर्तालासुद्धा थोडी सवलत असते. आत फेरी जेमतेम अर्ध्या तासाची, फोटोला मनाई. म्हणजे जाऊन-येऊन अख्खा दिवस मोडायचा आणि त्यातला अर्धा तास अशा एकमेव जागी उभं राहायचं, जिथून नॉयश्वानस्टाइन दिसत नाही. दिवसभराच्या सहलीसाठी जर्मनीत गाव निवडावं, किल्ला निवडू नये. वाटेत लागलाच तर त्याला खालूनच रामराम करावा.

यात किल्ल्याचा अपमान नाही. उलट, तो बाहेरून पाहण्यासाठीच बांधला आहे. बव्हेरियाचा राजा दुसरा लुडविग याने १८६९ साली काम सुरू केलं, तेव्हा तटबंदीने शत्रू अडवायचे दिवस कधीच सरले होते. किल्ला कसा दिसावा याची चित्रं काढली ती क्रिस्टियान यांक या नाटकाचे पडदे रंगवणाऱ्या कलावंताने. आत गरम पाणी होतं, टेलिफोन होता, राजाच्या शयनगृहात हंसाच्या आकाराचा नळ होता. नव्हता तो फक्त शत्रू. १८८६ च्या जूनमध्ये राजा वारला आणि काही आठवड्यांतच लोकांना तिकीट लावून आत सोडायला सुरुवात झाली. थोडक्यात, हा किल्ला जन्मभर पर्यटनस्थळच आहे. मराठी माणसाची पंचाईत इथेच होते. त्याच्या डोक्यातला किल्ला म्हणजे राजगड: चोरदरवाजा, पाण्याची टाकी, दम काढणारी बालेकिल्ल्याची वाट. गंमत अशी की २०२५ च्या जुलैत पॅरिसला युनेस्कोच्या एकाच बैठकीत रायगड, राजगड, जिंजी असे आपले बारा किल्ले आणि लुडविगचे राजवाडे जागतिक वारशाच्या यादीत गेले. यादी एक, वर्ष एक, पण एकाने तोफांचे गोळे खाल्ले आणि दुसऱ्याने फक्त कॅमेऱ्यांचे फ्लॅश.

यावर पहिला आक्षेप ठरलेला असतो: जर्मन गावं सगळी सारखीच. एक चौक, एक चर्च, एक नगरभवन, लाकडी चौकटींची तिरपी घरं, खिडकीत लाल फुलं. दोन गावं पाहिली की तिसरं पाठ होतं. हे खरं आहे, पण गाव टिकलं कसं हे विचारलं की सारखेपणा संपतो. रोथेनबुर्ग टिकलं ते दारिद्र्यामुळे. तीस वर्षांच्या युद्धात, १६३१ साली, सेनापती टिलीच्या फौजेने ते घेतलं आणि पुढे गावाकडे नवं बांधायला पैसेच उरले नाहीत. जुनं आपोआप राहिलं. त्या प्रसंगाची दंतकथा अशी की नुश नावाच्या माजी नगराध्यक्षाने सव्वातीन लिटर वाइन एका दमात पिऊन गाव वाचवलं. १८८१ पासून तिथे त्यावर नाटक होतं. (नगराध्यक्षाच्या पिण्याचा गावाला फायदा झाल्याची उदाहरणं इतिहासात फार नाहीत.) क्वेडलिनबुर्गची गोष्ट वेगळी: पूर्व जर्मनीच्या सरकारला जुनी वस्ती पाडून नवी बांधायची हौस होती, ऐपत नव्हती. बामबेर्ग महायुद्धातून बरंचसं सहीसलामत सुटलं, तर तिथून तासाभराच्या आतल्या न्यूर्नबर्गची जुनी पेठ २ जानेवारी १९४५ च्या बाँबहल्ल्यात जवळजवळ पुरती गेली आणि पुन्हा उभारावी लागली. ही दोन गावं लागोपाठच्या दिवशी पाहावीत. घरं सारखीच दिसतील, पण दुसऱ्या दिवशी प्रत्येक भिंतीकडे संशयाने पाहाल. तो संशय हेच प्रवासाचं खरं फळ.

दुसरा आक्षेप अधिक हुशार आहे: मग एका दिवसात दोन-तीन गावं का नकोत? आगगाड्या आहेत, तिकीटही स्वस्त. बायर्न-तिकिटावर पाच माणसं दिवसभर बव्हेरियात हिंडू शकतात, फक्त सोमवार ते शुक्रवार ते सकाळी नऊनंतरच चालतं. उत्तर जर्मन रेल्वेनेच देऊन ठेवलं आहे. २०२४ मध्ये तिच्या लांब पल्ल्याच्या गाड्यांपैकी वेळेवर पोचल्या ६२.५ टक्के, आणि ‘वेळेवर’ म्हणजे सहा मिनिटांपेक्षा कमी उशीर. रद्द झालेली गाडी उशिरात धरतच नाहीत. ती आलीच नाही तर उशीर कसला? लोकल गाड्यांचं बरं असतं, पण गाडी बदलायची म्हटलं की नशीब पुन्हा पणाला लागतं. रोथेनबुर्गला जाताना श्टाइनाख नावाच्या छोट्याशा स्टेशनावर फाट्याची गाडी धरावी लागते. ती हुकली की पुढचा तासभर पाहण्यासारखं जे आहे, ते म्हणजे श्टाइनाख. म्हणून आधी परतीची शेवटची गाडी पाहावी आणि तिथून उलटं मोजत सकाळपर्यंत यावं. तोवर यादीत एकच गाव उरतं. मोटारीने जाऊ म्हणणाऱ्यांनी आठवावं की गाडी तटाबाहेर लावावी लागते, आणि बामबेर्गची धुराच्या वासाची बिअर चालकाला फक्त हुंगता येते.

राहिला घरच्यांचा आक्षेप: एवढ्या लांब येऊन नॉयश्वानस्टाइनचा फोटो नाही? तर मारीनब्र्युके या पुलावरून तो मिळतो, पुलाला तिकीट नाही, आणि घरच्या भिंतीवर लागणारा फोटो तिथलाच असतो. अपवाद मात्र मी दोन मानतो. हायडेलबर्गचा किल्ला १६८९ आणि १६९३ मध्ये फ्रेंचांनी फोडला, १७६४ मध्ये त्यावर वीज पडली, तरी गावाच्या डोक्यावर तो दिमाखात उभा आहे, आणि त्याच्या तळघरात दोन लाख लिटरहून मोठं वाइनचं पिंप आहे. नुशने तिथे हात टेकले असते. दुसरा एल्ट्स. तो कधी पडला नाही आणि आठशेहून अधिक वर्षं एकाच घराण्याकडे आहे. मोझेलकर्न स्टेशनातून ओढ्याच्या काठाने जंगलातून चालत गेलं की झाडीतून तो एकदम समोर येतो. तिथे आत जरूर जावं. तेवढं रविवारी दुकानं आणि सोमवारी बरीच संग्रहालयं बंद असतात हे ध्यानात ठेवा, आणि एल्ट्सला हिवाळ्यात जाऊ नका. एप्रिलपर्यंत दार उघडत नाही.