भाव काय निघाला?

हिंगोलीच्या सराफ्यात दाजी आले की गादीवरून कुणी उठत नाही. चहा मात्र येतो. एरवी गिऱ्हाइकाला चहा देताना सराफ त्याच्या पिशवीकडं बघतो, दाजींना देताना घड्याळाकडं. दाजी पाऊण तास बसणार, सोन्याचा भाव विचारणार, चांदीचा विचारणार, एकाला दुसऱ्यानं भागणार आणि "बघू, उद्या काय निघतो" म्हणत चपला शोधणार. आक्का आमच्या गल्लीची लेक, म्हणून हे अख्ख्या गल्लीचे दाजी. सराफ्यातही त्यांना दुसरं नाव नाही.

नोकरी सगळी मोंढ्यात झाली, हळदीच्या आडतीवर मुनीम म्हणून. हळद आज विकली की उद्या तेजी यायची, थांबलं की मंदी. विकणारा रडत यायचा, थांबणाराही रडत यायचा आणि दोघांची पट्टी दाजीच लिहायचे. एक तारखेला पगार घेऊन हसत घरी जाणारा माणूस त्या आडतीत एकच होता. हे शहाणपण त्यांनी निवृत्तीनंतर सराफ्यात आणलं. "सोनं घेतलं अन् चांदी पळाली तर? चांदी घेतली अन् सोनं पळालं तर? नाही घेतलं तवर दोन्ही आपलंच की ओ!"

एवढ्यावर थांबले असते तर दाजी सुखी झाले असते. पण त्यांच्याकडं एक लांबडी वही आहे, मोंढ्यातल्यासारखी लाल कापडाची. तीत न घेतलेल्या सोन्याचा आणि न घेतलेल्या चांदीचा हिशेब असतो, तारीखवार. न झालेला नफा ते तोट्यात धरतात. "यंदा चांदीत लई बुडालो," असं ते इतक्या खालच्या आवाजात सांगतात की गल्लीत नवीन राहायला आलेले एक बँकवाले त्यांना धीर द्यायला घरी आले होते. किती किलो होती, असं त्यांनी हळूच विचारलं. दाजी म्हणाले, "घेणार होतो पाच."

वहीचा आत्मा म्हणजे गुणोत्तर. एक ग्रॅम सोन्याला किती ग्रॅम चांदी येते, ते. 2011 साली ते तिसाच्या घरात उतरलं होतं आणि 2020 च्या मार्चमध्ये, आपण सगळे घरात ताटल्या वाजवत होतो तेव्हा, सव्वाशेच्या आसपास चढलं होतं, हे दाजींना लेकीच्या जन्मतारखेपेक्षा पक्कं पाठ आहे. त्यांचा नियम साधा: शंभराच्या वर गेलं की चांदी घ्यायची, पन्नासाच्या खाली आलं की सोनं. एप्रिल 2025 मध्ये सोनं तोळ्याला लाखाला टेकलं आणि चांदी किलोला लाखाच्या अलीकडंच रेंगाळली. म्हणजे शंभर! दाजींनी गल्लीत सभाच घेतली. सौरऊर्जेच्या पॅनेलात चांदी लागते, विजेच्या गाड्यांत लागते, निम्म्याहून जास्त चांदी कारखानेच खातात, हे सगळं त्यांनी मुद्देसूद मांडलं. ऐकणाऱ्यांतल्या शिंप्यानं दुसऱ्या दिवशी जाऊन अर्धा किलो चांदी आणली. दाजी स्वतः एकशे पाचची वाट बघत बसले. डिसेंबर येईतो चांदी पावणेदोन लाखांच्या पुढं निघून गेली होती. शिंपी पेढे घेऊन आला. आता विकू का ठेवू, असं त्यानं विचारल्यावर दाजींनी पेढा खाल्ला, डोळे मिटले आणि म्हणाले, "विकायची घाई नको. पण ठेवूबी नका."

अडाणीपणानं माणूस अडतो, असं आपण समजतो. दाजी माहितीनं अडलेत. औंढा नागनाथ तालुक्यात गुरुत्वीय लहरी टिपणारी लायगोची प्रयोगशाळा उभी राहणार, ही बातमी आम्हाला जमिनीच्या भावापुरती कळली. दाजींना त्यात सोनं दिसलं. 2017 साली दोन न्यूट्रॉन तारे एकमेकांवर आदळल्याच्या लहरी अमेरिकेतल्या लायगोनं टिपल्या होत्या आणि सोन्यासारखे जड धातू अशाच धडकांतून तयार होतात याचा पुरावा तेव्हा हाती आला, हे त्यांनी कुठंतरी वाचलंय. "वर आणखी किती धडका व्हायल्यात ते आता आपल्या औंढ्यात कळणार," ते म्हणाले. "कळू द्या की. एवढा माल तयार व्हायलाय तर आत्ताच काहून घ्यायचं?" तो माल वसमतच्या टेंपोत येणार नाही, हे त्यांना कुणी सांगितलं नाही.

नर्सीच्या नामदेवांवरही त्यांचं स्वतंत्र निरूपण आहे. परिसा भागवताचा परीस नामदेवांनी चंद्रभागेत फेकून दिला, ही कथा कीर्तनकार वैराग्यासाठी सांगतात. दाजींच्या मते महाराजांना बाजार कळत होता. परीस घरात राहिला असता तर लोखंड तेवढं सोनं झालं असतं, आवक वाढली असती आणि भाव कोसळला असता. "मग आक्काच्या पाटल्यांना कुणी विचारलं असतं?"

त्यांचं सगळ्यात मोठं दुःख मात्र आजोबांच्या विहिरीचं. निजामाच्या राज्यात आपल्याकडं हाली सिक्का चालायचा. चारमिनार छापाचा चांदीचा रुपया, वजन अकरा ग्रॅमच्या वर. आजोबांनी असे दोनशे रुपये मोजून विहीर खोदली. गावानं तेव्हा त्यांचं कौतुक केलं. नातू आजही त्यांना माफ करायला तयार नाही. त्या दोनशे रुपयांत शुद्ध चांदी निघते पावणेदोन किलोच्या वर. चांदी वाढली की वहीत विहिरीची किंमत वाढते. 2025 च्या डिसेंबरात ती तीन लाखांच्या पुढं गेली होती. "अन् पाणी?" मी विचारलं. "मार्चला आटते," दाजी म्हणाले.

प्रत्यक्ष सोनं त्यांनी आयुष्यात एकदाच घेतलं आणि तेही आक्कानं घ्यायला लावलं. 2024 च्या आषाढीआधी लेकीचं लग्न होतं. मंगळसूत्र चांदीचं चालतंय का, असं दाजींनी विचारून पाहिलं होतं. त्यावर आक्का काय म्हणाल्या ते गल्लीनं ऐकलं, इथं लिहिता येणार नाही. सोनं घेतलं, तीन टक्के जीएसटी भरला, हॉलमार्कचा नंबर भिंग लावून तपासला, अक्षता पडल्या. आणि 23 जुलैच्या अर्थसंकल्पात सोन्या-चांदीचं आयातशुल्क पंधरा टक्क्यांवरून सहावर आलं. भाव धाडकन खाली. अर्थमंत्र्यांनी आपली पोरगी नांदायला जायची वाट बघितली, असं दाजींचं आजही ठाम मत आहे. पाहुणे लग्नाचा अल्बम बघायला यायचे. दाजी पान उलटायचे, गळ्यातल्या डोरल्यावर बोट ठेवायचे आणि घटलेले रुपये सांगायचे. पुढं तेच सोनं लाखाच्या पार गेलं, पण ते वहीत कुठं नाही. ते लेकीचं.

त्यांच्या जीवनातली खरी दिवाळी एकच, 2025 ची. धनत्रयोदशीला गल्लीतल्या चौघांनी रांग लावून खरेदी केली. दाजींनी आक्काला झाडू आणून दिला, तोही लक्ष्मीच असतो म्हणाले. लक्ष्मीपूजनाच्या दिवशी जगभर सोनं घसरलं, चांदी त्याहून जास्त. पाडव्याला दाजी नवा सदरा घालून त्या चौघांच्या घरी आवर्जून फराळाला जाऊन आले. काही बोलले नाहीत. चकली नुसती मोडून खाल्ली.

नोव्हेंबरात लेक बाळंतपणाला आली, मुलगा झाला. बाराव्या दिवशी बारसं, आजोळचे चांदीचे वाळे हवेत. आक्कानं मला बरोबर धाडलं, माणूस रिकाम्या हातानं परत येऊ नये म्हणून. सराफानं पाच तोळ्यांची जोडी काढली. दाजींनी ती हातात तोलली, भाव विचारला, भागाकार केला. मग घट किती, मजुरी किती, उद्या मोडायला आणले तर किती कापाल?

"दाजी, आधी न्या तरी," सराफ म्हणाला. "किलोमागं दहा हजार उतरले ना, तरी ह्यात तुमचे पाचशेच वाचतेत."

पाचशे हा आकडा ऐकून दाजींचा चेहरा उजळला. त्यांनी वाळे परत मखमलीवर ठेवले आणि खिशातून फोन काढून आक्काला लावला.

"अगं, बुधवारी रात्री अमेरिकेत व्याजदराची बैठक हाय. भटजीला विचार की, बारसं सोमवारच्या ऐवजी गुरुवारी जमंल का?"