अर्धविरामानंतर जागा सोडू नये

एम.डी.चा थीसिस जमा झाला, परीक्षा पार पडली आणि ओपीडीत जाता जाता सरांनी ‘आता याचा एक पेपर करून टाक’ असं सांगितलं, की तरुण डॉक्टरच्या आयुष्यात रेफरन्स लिहिण्याचा योग येतो. संशोधनाचा प्रश्न, रुग्णांची संख्या, संख्याशास्त्रज्ञाची मनधरणी या तुलनेने किरकोळ बाबी आहेत. त्यांत चूक असली तर ती कळायला महिने लागतात. रेफरन्समधली चूक मात्र संपादकाच्या कार्यालयात पहिल्याच दिवशी कळते. त्यामुळे सारी बौद्धिक ताकद तिथेच लावावी, हे उत्तम.

प्रथम नियमांचा उगम समजून घ्यावा. १९७८ साली काही वैद्यकीय नियतकालिकांचे संपादक कॅनडातल्या व्हँकुव्हर शहरी अनौपचारिकपणे जमले. एकदा टाइप केलेलं हस्तलिखित कुठेही पाठवता यावं, लेखकाला दर वेळी नव्याने टायपिंग करावं लागू नये, हा त्यांचा दयाळू हेतू. पुढल्या वर्षी नियम छापून आले आणि त्यांना ‘एकसमान’ म्हटलं गेलं. आजची एकसमानता अशी: लेखक सात किंवा जास्त असतील, तर अमेरिकेच्या नॅशनल लायब्ररी ऑफ मेडिसिनच्या नमुन्यात पहिली सहा नावं द्यायची आणि पुढे ‘एट अल’. न्यू इंग्लंड जर्नलला मात्र पहिली तीनच पुरतात. म्हणजे चौथा, पाचवा आणि सहावा लेखक अस्तित्वात आहे की नाही, हे तुम्ही पेपर कुठे पाठवता यावर ठरतं. चौथा लेखक बहुधा रात्री-बेरात्री रक्ताचे नमुने गोळा करणारा रेसिडेंट असतो, तेव्हा फार हळहळू नये.

दुसरा पंथ हार्वर्डचा, कंसात लेखक आणि वर्ष देणाऱ्यांचा. त्याचं मूळ १८८१ सालच्या एका प्राणिशास्त्रीय लेखात सापडतं. एडवर्ड मार्क नावाच्या हार्वर्डच्या प्राध्यापकांनी बिनशंखाच्या गोगलगायीच्या अंड्यांवर लिहिताना ही सोय केली. वैद्यकातल्या बहुतेकांनी ती नाकारून आकडे पत्करले. आकडा कमी जागा घेतो आणि तुम्ही कोणाचा आधार घेतला हे वाचकाला पान उलटल्याशिवाय कळत नाही.

आता विरामचिन्हं. वर्ष, अर्धविराम, खंड, कंसात अंक, कोलन, पान. यांच्यामध्ये कुठेही जागा नको. पानं २८४ ते २८७ असतील तर २८४-७ असं लिहावं. दोन आकडे वाचवल्याचं समाधान वेगळंच. आद्याक्षरांना टिंब नाही. अमेरिकन मेडिकल असोसिएशनची शैली असेल तर वर चढवलेला आकडा पूर्णविराम आणि स्वल्पविरामाच्या नंतर येतो, पण कोलन आणि अर्धविरामाच्या आधी. असं का, हे विचारणारा माणूस संशोधनाला योग्य असेल, प्रकाशनाला नाही.

नियतकालिकांची नावं आखडून लिहावीत. न्यू इंग्लंड जर्नल ऑफ मेडिसिनचं ‘एन इंग्ल जे मेड’ होतं. ‘लॅन्सेट’ एकच शब्द असल्याने सुटतो. ‘इंडियन’ मात्र अख्खं राहतं, याबद्दल आपण अभिमान बाळगायला हरकत नाही.

मराठी लेखकांची नावं हा स्वतंत्र अध्याय आहे. आपल्याकडे स्वतःचं, वडिलांचं आणि मग आडनाव. फॉर्मवर आडनाव आधी, पाटीवर शेवटी, मार्कशीटवर कसंही. यातून जे निघतं ते ‘पाटील एस’. डेटाबेसमध्ये ‘पाटील एस’ शोधून पाहा: एक बालरोगतज्ज्ञ, एक अस्थिरोगतज्ज्ञ, एक जण मातीतल्या जिवाणूंवर काम करणारा. लग्नानंतर नाव बदललेल्या बाईंचं अर्धं संशोधन माहेरी राहतं. दक्षिणेकडच्या ज्या सहकाऱ्यांना आडनावच नाही, त्यांच्या वडिलांना संगणक परस्पर लेखक करून टाकतो. यावर उपाय म्हणून ऑर्किड नावाचा सोळा अंकी क्रमांक मिळतो. तो घ्यावा. हे या लेखातलं गंभीरपणे दिलेलं वाक्य आहे.

झोटेरो, मेंडले, एंडनोट यांपैकी एखादं सॉफ्टवेअर वापरावं. मधेच एक रेफरन्स घुसवला, तरी पुढचे सगळे आकडे आपोआप सरकतात. ही सुविधा सर फाइल उघडेपर्यंत टिकते. सर संगणकावरच्या जुन्या वर्डमध्ये मजकूर चिकटवतात, आकडे साधी अक्षरं होऊन गोठतात, आणि फाइल ‘फायनल_२_सरांचे बदल’ या नावाने परत येते. त्यानंतर १४ नंतर १९ आला, तर तो हातानेच शोधायचा असतो.

आता यादीत कोणाला घ्यावं. विभागप्रमुखांचा पेपर घ्यावा. विषय वेगळा असला तरी प्रस्तावनेत ‘हा आजार भारतात महत्त्वाचा आहे’ या वाक्यापाशी तो बसतो. समीक्षकाने ‘लेखकांनी पुढील पाच पेपर विचारात घ्यावेत’ असं सुचवलं आणि पाचांवर एकच नाव असलं, तर तो योगायोग समजून पाचही घ्यावेत.

हे सगळे पेपर वाचावेत का, असा प्रश्न नवखे विचारतात. परंपरा पाहावी. सिमकिन आणि रॉयचौधरी या दोघांनी २००३ मध्ये रेफरन्समधल्या छपाईच्या चुका एका लेखातून दुसऱ्यात जशाच्या तशा कशा उतरतात ते तपासलं आणि अंदाज मांडला: मूळ लेख वाचून उद्धृत करणारे सुमारे २० टक्के. बाकीचे शेजारच्या यादीवरून उतरवतात. मूळ लेख असलाच पाहिजे असंही नाही. एल्सेव्हियरने लेखकांसाठीच्या सूचनांमध्ये नमुना म्हणून ‘वैज्ञानिक लेख लिहिण्याची कला’ असा एक रेफरन्स दिला होता. लेखक व्हान डेर गीर आणि इतर, वर्ष २०००. लेख नाही, नियतकालिकही नाही. तरी २०१७ मध्ये मोजदाद झाली तेव्हा तो जवळजवळ ४०० वेळा उद्धृत झालेला होता. बहुतेक वेळा टेम्प्लेटमधला नमुना पुसायचा राहिला, इतकंच. हल्ली असे लेख एआय मागाल तितके तयार करून देतं, अर्धविरामासकट.

निर्दोष रेफरन्सचा नमुना हवा असेल तर हा घ्या: पोर्टर, जिक. एन इंग्ल जे मेड. १९८०;३०२:१२३. वर्ष, अर्धविराम, खंड, कोलन, पान. एकही जागा सुटलेली नाही. हे संपादकांना आलेलं पाच वाक्यांचं पत्र आहे. रुग्णालयात दाखल असताना अफूजन्य वेदनाशामक मिळालेल्या ११,८८२ रुग्णांपैकी, आधी व्यसन नसलेल्या फक्त चौघांना व्यसन जडल्याची पक्की नोंद सापडली, एवढंच त्यात होतं. घरी महिनोन् महिने या गोळ्या घेणाऱ्यांबद्दल त्यात अक्षर नव्हतं. १९९५ च्या अखेरीस ऑक्सिकॉन्टिन हे असंच एक अफूजन्य वेदनाशामक अमेरिकेच्या बाजारात येऊ घातलं आणि हे पत्र उद्धृत करणाऱ्यांची रीघ लागली. २०१७ मध्ये कॅनडातल्या संशोधकांनी मोजलं: ६०८ लेखांनी ते वापरलं, त्यांतल्या ४३९ जणांनी व्यसन क्वचितच लागतं याचा पुरावा म्हणून. हे रुग्ण रुग्णालयात दाखल होते, ही गोष्ट दर पाचांपैकी चारांनी सांगितलीच नाही. तोवर अमेरिकेत या औषधांनी माणसं मरत होती.

आता त्या पत्राच्या डोक्यावर संपादकांनी सावधगिरीची टीप लावली आहे. तुमच्या यादीत ते असेल, तर टीप आणि पाचही वाक्यं वाचा, मगच सबमिटचं बटण दाबा.