मध्यम आकाराची पोळी, १ नग

डॉक्टरांनी 'वजन जरा बघा' म्हटल्यावर त्याच संध्याकाळी फोनमध्ये कॅलरी मोजायचं अ‍ॅप घेऊन बसलेल्या, ठाणे ते कल्याण पट्ट्यातल्या समस्त सज्जनांसाठी ही मार्गदर्शिका आहे. अंबरनाथ-बदलापूरकरांनी वाचायलाही हरकत नाही. त्यांच्या पोळ्याही आमच्यासारख्याच गोल आणि बेहिशेबी असतात.

साहित्य : एक फोन, एक डिजिटल वजनकाटा, घरातली नेहमीची एक वाटी आणि घरच्यांची सहनशक्ती. शेवटची वस्तू बाजारात मिळत नाही, म्हणून जपून वापरावी.

सुरुवात वडापावापासून करावी, कारण ती तशीही तिथूनच होते. अ‍ॅपमध्ये 'वडापाव' लिहिलं की वीसेक नोंदी खाली उतरतात. कुठे १८० कॅलरी, कुठे २८६, कुठे थेट ४००. एकीत '१ नग', दुसरीत '१ प्लेट', तिसरीत '१ सर्व्हिंग', म्हणजे काय ते भरणाऱ्यालाच ठाऊक. हे आकडे कुठल्या प्रयोगशाळेतून आलेले नसतात. बरेचसे तुमच्या-माझ्यासारख्यांनीच, बहुधा लोकलमध्ये उभ्या उभ्या, एका हाताने भरलेले असतात. आकडे चुकीचे असतात हे खरंच, पण आपला अंगठा नेमका सगळ्यांत कमी आकड्यावर जाऊन टेकतो. पहिले दोन आठवडे मी १८० वाला वडापाव खात होतो. वजन सातशे ग्रॅमनी वाढलं.

शिवाय 'एक नग' म्हणजे कुठला नग? १९६६च्या सुमारास दादर स्टेशनबाहेर अशोक वैद्य यांनी वडा पावात घातला असं मानतात. त्यानंतर तो मध्य रेल्वेने जसजसा पुढे सरकला तसतसा आकार बदलत गेला. ठाण्याच्या कुंजविहारचा वडापाव एकट्याने संपवणाऱ्याला मी अजूनही मान देतो. कल्याणचा खिडकी वडा वझे कुटुंबाच्या घराच्या खिडकीतून मिळू लागला म्हणून खिडकी वडा. त्या खिडकीतून काही पोषणतक्ता बाहेर येत नव्हता. अ‍ॅपच्या लेखी हे दोघेही एकच.

सरकारकडे दाद मागण्यात अर्थ नाही. अन्नसुरक्षा प्राधिकरणाच्या २०२०च्या नियमांनुसार मेनूवर कॅलरी लिहायचं बंधन आहे ते मुख्यतः दहा किंवा अधिक ठिकाणी शाखा असलेल्यांना. म्हणजे स्टेशनबाहेरच्या गाडीवाल्याला दहावी गाडी टाकेपर्यंत मुभा. 'दादा, यात कॅलरी किती?' असं मी एकाला विचारून पाहिलं. 'सुकी चटणी पाहिजे का ओली?' एवढंच उत्तर आलं, आणि मागच्या रांगेतून कुणीतरी 'ओ, लवकर' म्हणालं.

ठाण्याच्या मामलेदार मिसळीबाबतही घाई करू नये. तहसील कचेरीच्या आसऱ्याने वाढलेली म्हणून ती मामलेदार. तालुक्याच्या महसुलाचा पैन्‌पै हिशोब ठेवणाऱ्या कचेरीच्या शेजारी बसून मीही तो प्रयत्न केला. 'मिसळपाव, १ प्लेट' अशी नोंद केली, तोवर पोऱ्या वरून रस्सा ओतून गेला होता. दुसऱ्यांदा ओतला तेव्हा मी फोन खिशात ठेवला.

आता अभ्यासू लोकांसाठी. अ‍ॅपवर विश्वास नसेल तर हैदराबादच्या राष्ट्रीय पोषण संस्थेचे २०१७चे अन्नघटकांचे तक्ते बघावेत. ५२८ पदार्थ, प्रत्यक्ष तपासलेले. मी मोठ्या आदराने तांदूळ काढला तर १०० ग्रॅमला सुमारे १,४९०! त्या दिवशी मी भात खाल्ला नाही. दोन दिवसांनी कळलं की त्या तक्त्यात ऊर्जा किलोज्यूलमध्ये आहे आणि तिला ४.१८४ने भागायचं असतं. भागल्यावर ३५६ उरले. पण तेही कच्च्या तांदळाचे. तोच तांदूळ पाणी पिऊन शिजला की जवळजवळ तिप्पट होतो आणि १०० ग्रॅम भाताला १३०च्या आसपास कॅलरी राहतात. काट्यावर भात ठेवून फोनमध्ये तांदूळ भरणारे आणि तांदूळ मोजून भात भरणारे असे दोन पंथ आहेत. पहिले उपाशी राहतात, दुसरे सुखी दिसतात.

पोळीचं प्रकरण मात्र सविस्तर सांगायला हवं. डोंबिवलीत ज्याच्या घरापासून पाच मिनिटांवर पोळी-भाजी केंद्र नाही असा माणूस माझ्या पाहण्यात नाही. आमच्याकडेही आठवड्यातून तीन दिवस पोळ्या तिथूनच येतात. अ‍ॅपमध्ये 'पोळी, मध्यम आकार, १ नग' होती. मध्यम म्हणजे केवढी, ते विचारायला केंद्रावर गेलो.

"काकू, तुमची एक पोळी किती ग्रॅमची?"

काकूंनी लाटणं थांबवलं नाही. "आठ रुपयांची."

"तसं नाही, वजनाने..."

"घडीची हवी असेल तर दहा."

मग घरी आणून एकेक काट्यावर ठेवली. ३४, ४१, ३८, ३६, ४०, अशा ठीक चालल्या होत्या, आणि दहावी ५७. उरलेला कणकेचा गोळा वाया जाऊ नये म्हणून लाटलेली ती शेवटची पोळी. १०० ग्रॅमला ३०० कॅलरी धरल्या तर पहिली १०२ची आणि ही १७१ची, आणि अ‍ॅपच्या मते दोघी मध्यम. यावर उपाय सोपा आहे : चळत एकदम काट्यावर ठेवावी आणि दहाने भागावं. पण सरासरी काढली तरी ती ५७ ग्रॅमची कुणाच्या तरी पानात पडतेच. आमच्याकडे ती माझ्या पानात पडते, कारण लोकल ठाण्याच्या पुढे रखडते आणि सगळ्यांच्या शेवटी जेवायला मी बसतो. (बायकोचं म्हणणं, ती मुद्दाम ठेवत नाही. मी ते मान्य केलं आहे.)

वाटीचंही तेच. घराघरात वाटी वेगळी. म्हणून एक वाटी ठरवावी, ती काठोकाठ भरून पाणी किती मावतं ते एकदा मोजावं, आणि मग घरातल्या कुणालाही तिला हात लावू देऊ नये. वरणाचा आकडा चुकला तरी चालेल. रोज तेवढाच चुकला की महिन्याअखेरीला वजनकाट्यावर काय होतंय ते निदान कळतं. आमची वाटी तिसऱ्या दिवशी शेजारी गेली, कोशिंबीर घेऊन. परत आली ती दुसरीच.

यापुढचा भाग फक्त खंबीर वाचकांनी वाचावा. विषय तेलाचा आहे.

अमेरिकेच्या विल्बर अ‍ॅटवॉटर यांनी एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीला जे गणित बसवलं ते आजही चालतं : प्रथिनं आणि कर्बोदकांच्या ग्रॅमला ४ कॅलरी, स्निग्ध पदार्थांच्या ग्रॅमला ९. म्हणजे इतर कशात चूक झाली तर एकपट, तेलात झाली तर दुपटीहून जास्त. आणि तेल तर घरात कुणीच मोजत नाही. आई फोडणीला तेल घालते ते डोळ्यांनी.

"आई, आज भेंडीत तेल किती घातलंस?"

"लागलं तेवढं."

मी अ‍ॅपमध्ये 'लागलं तेवढं' लिहून पाहिलं. सापडलं नाही. मग रोज 'तेल, १ छोटा चमचा, ४० कॅलरी' अशी सभ्य नोंद करू लागलो.

खरा आकडा काढायचा असेल तर चमच्यामागे न लागता वाण्याच्या यादीमागे लागावं. आमच्या चौघांच्या घरात महिन्याला पाच लिटरचा डबा संपतो. लिटरभर तेलाच्या पिशवीवर बारीक अक्षरात ९१० ग्रॅम लिहिलेलं असतं, म्हणजे डब्यात ४,५५० ग्रॅम. गुणिले ९, म्हणजे ४०,९५०. भागिले ३०, भागिले ४ : माणशी रोज ३४१ कॅलरी. तळणीचं उरलेलं तेल? ते आमच्याकडे फेकत नाहीत, दुसऱ्या दिवशी फोडणीत जातं. मी ४० भरत होतो. म्हणजे रोजच्या ३०० कॅलरी महिनोन्‌महिने घरात विनातिकीट फिरत होत्या.

हा हिशोब मी रात्री सगळ्यांना वाचून दाखवला. आई शांतपणे ऐकून म्हणाली, "म्हणजे डबा महिनाभर पुरतो, हे मी तुला आधीच सांगितलं असतं."

बदामाची बातमी मात्र चांगली आहे. २०१२मध्ये अमेरिकेच्या कृषी खात्यातल्या संशोधकांनी माणसांना बदाम खायला घालून मोजलं, तेव्हा २८ ग्रॅमच्या नेहमी छापल्या जाणाऱ्या १७० कॅलरींपैकी १२९च शरीराला मिळतात असं निघालं. हे घरी सांगू नये. मी सांगितलं. सकाळी भिजवलेले पाच बदाम असायचे, आता नऊ असतात.

पाकिटावरच्या छापील आकड्यांबद्दल एकच सूचना : 'प्रति सर्व्हिंग'कडे न बघता 'प्रति १०० ग्रॅम'कडे बघावं. वीस ग्रॅम शेव खाऊन पाकिटाला रबर लावणारा माणूस छपाईच्या सोयीसाठी कल्पिलेला आहे. आणि मनगटावरच्या घड्याळाने 'खर्च' दाखवलेल्या कॅलरी खाऊन टाकू नयेत. २०१७मध्ये स्टॅनफर्डच्या संशोधकांनी असली सात यंत्रं तपासली, त्यांतलं सगळ्यांत बरं यंत्रही सरासरी २७ टक्क्यांनी चुकत होतं.

एवढं करूनही समाधान झालं नाही तर शेवटचा मार्ग : स्वतःची नोंद करावी. एका शनिवारी कल्याण स्टेशनबाहेर दोन वडापाव झाल्यावर मीही केली. 'वडापाव, कल्याण, १ नग.' वीस नोंदींची सरासरी काढावी असा विचार होता, पण दोन खाल्ले होते, म्हणून थोडी खाली ओढली. अडीचशे लिहिणार होतो. ते फारच अंदाजपंचे दिसलं म्हणून २४७.५ लिहिलं.

परवा ऑफिसातला एक सहकारी परतीच्या गाडीत भेटला. बदलापूरला राहतो, चार किलो कमी केलेत म्हणे. मी अ‍ॅपच्या आकड्यांबद्दल कुरकुर केली तशी त्याने फोन पुढे केला.

"सगळ्यांवर विश्वास ठेवायचा नसतो रे. हा बघ, मी हाच घेतो. २४७.५. बाकी सगळे ठोकताळे आहेत, हा कुणीतरी नीट मोजून टाकलाय."

गाडी मुंब्र्याला थांबली होती. मी म्हटलं, "हो, वाटतंय तसं."