पोच मिळाली, कार्यवाही नाही

घ्या, आधी चहा घ्या. प्रकरण लांबलेलं आहे आणि ते मुळापासून सांगितल्याशिवाय माझ्यावर काय अन्याय चाललाय हे तुमच्या ध्यानात येणार नाही.

तुमच्या घरी टीव्ही एक असतो. बिघडला तर एकच बिघडतो आणि त्याला बाजूने एक थाप मारता येते. आमच्या कार्यालयाच्या दर्शनी भागात सोळा पॅनल आहेत. चार ओळी, ओळीत चार, एकमेकांना खेटून बसवलेले; सगळ्यांचं मिळून एक भलंमोठं चित्र दिसावं म्हणून. येणाऱ्या-जाणाऱ्याला ते एकच चित्र दिसतं. त्याचं काय जातंय? सोळा वेगवेगळ्या स्वभावांशी संसार माझा चाललाय. साहेब जाता जाता म्हणतात, "बाकी झकास आहे हो, फक्त तिकडे जरा पिवळट वाटतं." 'तिकडे' म्हणताना ते हात फिरवतात आणि त्या हाताच्या टप्प्यात सहा पॅनल येतात.

रिमोट वापरा की, असं तुम्ही म्हणाल. म्हणा. सगळेच म्हणतात. रिमोटचा किरण कोणा एकाला उद्देशून निघत नाही. सहा नंबरसाठी मेनूचं बटण दाबलं की शेजारपाजारचे पाच-सहा जण आपापला मेनू उघडून बसतात, आणि ज्याच्यासाठी दाबलं तो ढिम्म असतो. म्हणून मग संगणकावरून सिरियल वायरीने एकेकाला नावानिशी आज्ञा द्यायची, असा शहाणा मार्ग कंपनीने सुचवला आहे. सदर मार्गाबद्दलच माझी तक्रार आहे.

ही आरएस-२३२ नावाची पद्धत १९६० साली अमेरिकेतल्या इलेक्ट्रॉनिक इंडस्ट्रीज असोसिएशनने ठरवली. म्हणजे महाराष्ट्र राज्य आणि ही वायर एकाच वर्षीची. राज्याचा हीरक महोत्सव आपण साजरा केला, वायरीचा कोणी केला नाही. बहुधा त्याचाच राग ती माझ्यावर काढते. टेलिप्रिंटर मोडेमला जोडता यावा म्हणून जन्माला आलेली ही व्यवस्था आज एलईडी बॅकलाइटच्या चकचकीत पॅनलांवर राज्य करते आहे. तिच्यात 'एक' म्हणायचं असेल तर उणे व्होल्ट पाठवतात आणि 'शून्य' म्हणायचं असेल तर अधिक. उणे ३ ते उणे १५ म्हणजे एक, अधिक ३ ते अधिक १५ म्हणजे शून्य. मधल्या पट्ट्यात काही आलं तर त्याचा अर्थ काय लावायचा, याबाबत नियम मौन पाळून आहेत. ज्या पायाची सुरुवातच उलटी, त्यावरच्या इमारतीकडून मी काय अपेक्षा ठेवायची?

बरं, वायरीच्या टोकाला पिना नऊ. त्यांपैकी काम करतात तीन. दोन नंबरची ऐकते, तीन नंबरची बोलते आणि पाच नंबरची ग्राउंड. उरलेल्या सहा हजेरीपटावर आहेत. आता संगणक तीनवर बोलणार, पॅनलही तीनवर बोलणार, मग ऐकणार कोण? म्हणून काही ठिकाणी वायर आतून उलटसुलट, म्हणजे क्रॉस, लागते आणि काही ठिकाणी सरळ. जुन्या पंचवीस पिनांच्या जोडणीत तर दोनने बोलायचं नि तीनने ऐकायचं असा पूर्ण उलटा कारभार होता. सरळ आणि क्रॉस या दोन वायरी बाहेरून सख्ख्या जुळ्या बहिणी. तेच काळं प्लॅस्टिक, तेच दोन स्क्रू. लॅमिंग्टन रोडला, ज्याला नकाशात डॉ. भडकमकर मार्ग म्हणतात, तिथल्या दुकानदाराने मला विचारलं, "सीधा या क्रॉस?" मी म्हटलं, "पॅनलसाठी." त्याने माझ्याकडे दयार्द्र नजरेने पाहिलं आणि दोन्ही दिल्या. आज माझ्या खणात दोन्ही आहेत. कोणती कोणती ते मीटर लावल्याशिवाय परमेश्वरालाही सांगता येणार नाही.

अनेक पॅनलांना तर नऊ पिनांचा पोर्टही नसतो. हेडफोनचं असतं तसलं बारीक गोल भोक असतं आणि ते दिसतंही तस्संच. आमच्याकडे एका उत्साही अभ्यागताने त्यात इअरफोन खुपसून आवाज येत नसल्याची लेखी तक्रार नोंदवली आहे. ती तक्रार उत्तरासाठी माझ्याकडेच आली.

आता संगणकाकडे या. नव्या संगणकाला सिरियल पोर्ट नसतो, म्हणून यूएसबीचा कन्व्हर्टर घ्यावा लागतो. तो लावला की विंडोज आपली यादी उघडून दाखवते आणि त्यात पिवळ्या त्रिकोणाशेजारी लिहिलेलं असतं, की ही चिप २०१२ पासून बंद करण्यात आली आहे, कृपया आपल्या पुरवठादाराशी संपर्क साधावा. मी साधला. पुरवठादार म्हणाला, "नवीन घ्या." नवीन घेतला. त्याला संगणकाने कॉम ३ असा क्रमांक दिला, प्रोग्राममध्ये मी कॉम ३ लिहिलं, सगळं सुरळीत झालं. मग सफाईच्या मावशींनी टेबल पुसताना तो काढून शेजारच्या भोकात लावला. मावशींचा दोष नाही, भोकं सारखीच आहेत. पण संगणकाच्या लेखी हा कन्व्हर्टर आता वेगळा इसम झाला आणि त्याला कॉम ७ मिळालं. जुनी ओळख ग्राह्य धरली गेली नाही. प्रोग्राम कॉम ३ च्या नावाने हाका मारत राहिला.

हे सगळं वायर भिंतीपर्यंत पोहोचायच्या आधीचं. भिंतीपाशी काय होतं ते ऐका.

सोळा पॅनलांना सोळा वायरी जात नाहीत. संगणकाची वायर पहिल्या पॅनलच्या 'इन'मध्ये जाते, पहिल्याच्या 'आउट'मधून दुसऱ्याच्या 'इन'मध्ये, असं करत सोळाव्यापर्यंत. सोळाव्याला काही कळवायचं तर ते पंधरा जणांमार्फतच जातं. थेट अर्ज विचारात घेतला जात नाही. चित्राची वायर मात्र वेगळी. त्यामुळे सातव्याचा प्लग निघाला तर समोरून एकच पॅनल काळं दिसतं, पण मागचे आठ ते सोळा असे नऊ जण ठार बहिरे झालेले असतात. चेहऱ्यावर काही दिसत नाही. चित्र दाखवत उभे असतात, हसतमुख. तुम्ही प्रकाश कमी करा म्हणून सांगता, ते ऐकतच नाहीत, आणि बघणाऱ्याला वाटतं मीच काही करत नाही.

प्रत्येकाला क्रमांक द्यावा लागतो, तो मात्र रिमोटनेच. म्हणजे ज्या रिमोटला कंटाळून आपण वायरीकडे आलो, त्याचीच ना हरकत आधी घ्यायची. त्यासाठी आमच्याकडे एक पद्धत रूढ झाली आहे. शिपाईमामा लाकडी घोड्यावर चढतात, जतन-कालावधी संपलेल्या नस्त्यांचे पुठ्ठे हातात घेऊन शेजारच्या पॅनलांचे डोळे झाकतात आणि मी खालून नेम धरतो. डोळा म्हणजे खालच्या पट्टीतला मुगाच्या दाण्याएवढा काळा ठिपका. सातव्याला सहावरून सातवर नेलं, मामांचा पुठ्ठा बोटभर सरकला, आणि आठवा आपणहून नऊ झाला. नववा आधीच नऊ होता. मग नऊ नंबरला विचारलं की दोघे एकदम उत्तर देतात आणि पडद्यावर अक्षरांची खिचडी येते. मामा वरून विचारतात, "झालं का?" या प्रश्नाला मी आजवर प्रामाणिक उत्तर दिलेलं नाही.

आणि आता खरा अन्याय. आमच्या पॅनलांच्या मेनूत क्रमांक सरळ दिसतो: एक, दोन, नऊ, दहा. पण वायरीवरून मात्र तो सोळाच्या पाढ्यातल्या हिशेबाने पाठवायचा. दहाव्याला 'शून्य-ए' म्हणून हाक मारायची. 'दहा' असं लिहून पाठवलं, तर ते सोळाव्याला पोहोचतं. तिसऱ्या ओळीतल्या दुसऱ्याला सांगावं, जरा मंद हो, आणि खाली उजव्या कोपऱ्यातला बिचारा, ज्याचा या प्रकरणाशी काडीचा संबंध नाही, तो गपकन मंद व्हावा. प्रकाशाचंही तेच. पन्नास लिहून पाठवलं की ऐंशी मिळतो. शंभर हवा तर चौसष्ट लिहा. हा नियम पुस्तिकेत आहे का? आहे. परिशिष्टात, तक्त्याखाली, बारीक टायपात आहे. न्याय असाच उपलब्ध करून दिलेला असतो.

मग सगळ्यांना एकदम सांगण्यासाठी शून्य क्रमांकाची सोय आहे. परिपत्रकच म्हणा. शून्याला पाठवलं की सोळाही जण ते वाचतात. पण सोळा जण एकदम उत्तर देऊ लागले तर गोंधळ होईल म्हणून परिपत्रकाच्या पोचेवर विसंबू नये, असं पुस्तिका बजावते. म्हणजे कोणी ऐकलं, कोणी नाही, हे डोळ्यांनी बघून ठरवा. मी बाहेर जाऊन भिंतीसमोर उभा राहतो आणि मोजतो. लोकांना वाटतं, हा माणूस कार्यालयाच्या जाहिराती फार मन लावून बघतो.

एकेकाला विचारलं तर मात्र पोच येते. 'ओके' असं येतं. तुम्हाला वाटेल, काम झालं. मलाही वाटायचं. 'ओके'चा अर्थ एवढाच, की आपलं पत्र मिळालं आणि त्यातलं व्याकरण बरोबर आहे. आत ऊर्जाबचत चालू असेल तर पॅनल 'ओके' म्हणून प्रकाश आपल्याच मर्जीने ठेवतं. नुकतंच चालू होत असेल तर पहिले काही क्षण उत्तरच देत नाही. कधी 'एनजी' येतं, म्हणजे नामंजूर; कारणांचा रकाना नाही. या वायरीवरून पॅनलला वाट्टेल ते विचारता येतं: तापमान किती, इनपुट कोणतं, किती तास चाललास. "तू पिवळा दिसतोस का?" एवढंच विचारता येत नाही. माझ्या नोकरीत मला दुसरं काहीही विचारायचं नाहीये.

पिवळेपणाचं मूळ असं, की सोळा पॅनल एकाच कारखान्यातून एकाच खोक्यांच्या थप्पीत आले तरी त्यांचा पांढरा रंग एक नसतो. जसजसे तास भरतात तसतसा बॅकलाइट उतरत जातो, तोही प्रत्येकाचा वेगळ्या वेगाने. गरम हवा वर चढते, म्हणून वरची ओळ जास्त तापते. शिवाय मागच्या वर्षी अकरावं बदलून आलं. नवीन, तरुण, निळसर पांढरं. ते लावल्या दिवशी बाकीचे पंधरा एकदम आजारी वाटायला लागले.

यावर उपाय लाल, हिरवा आणि निळा यांचे आकडे शून्य ते दोनशे पंचावन्नमध्ये वरखाली करण्याचा. पुस्तकात लिहिल्याप्रमाणे सगळ्यांचा पांढरा ६५०० केल्विनला आणायचा. त्यासाठी मोजायचं यंत्र मिळतं. मागणी केली, निधीअभावी परत आली, वर शेरा: 'डोळ्यांनी बघून करावे'. म्हणून मी पूर्ण भिंतीवर कोरा पांढरा लावतो आणि डोळ्यांनी बघतो. सहाव्याचा निळा दोनने वाढवला. बरा वाटला. मग पाचवा गुलाबी वाटायला लागला. त्याचा लाल एकने उतरवला, तर दुसरा हिरवट. थोडा वेळ पांढऱ्याकडे टक लावली की डोळे त्यालाच सरावतात आणि सगळंच निर्दोष भासू लागतं. नेमक्या त्याच क्षणी साहेब येतात. ताज्या डोळ्यांनी, आणि कोपऱ्यातून. कोपऱ्यातून या पॅनलांचा रंग वेगळाच दिसतो, पण हे साहेबांना कोण सांगणार?

प्रकाशाची तर वेगळीच शोकांतिका. जो सर्वांत मंद आहे त्याला वर नेता येत नाही, तो आधीच शंभरावर आहे. मग काय करायचं? उरलेल्या पंधरांना त्याच्या पातळीवर खाली आणायचं. व्हिडिओ वॉलचं काम करणाऱ्या कोणालाही विचारा, हीच रीत आहे. अकरावं नवं कोरं आहे, त्याच्यात दम आहे, त्याने पांढरं शुभ्र लखलखावं असं कोणाला वाटणार नाही? पण बाराव्याला जमत नाही म्हणून अकराव्याने दबून राहायचं, आणि हा आदेश माझ्या हातून निघायचा. सेवाज्येष्ठतेचे वाद मी फार पाहिलेत, पण इतका उघड अन्याय आस्थापना शाखेतसुद्धा झालेला नाही.

कोणी सुचवतं की आरएस-४८५ घ्या. १९८३ चं आहे, म्हणजे तुलनेने पोरसवदा. १२०० मीटरपर्यंत जातं, तर आमची जुनी पंधरा मीटरांतच धापा टाकते. घेऊन बघितलं एका दुसऱ्या मजल्यावर. त्याच्या दोन्ही टोकांना १२० ओहमचा रोध बसवावा लागतो आणि दोन तारांना ए आणि बी म्हणतात. कोणती ए आणि कोणती बी यावर चिप बनवणाऱ्यांचंच एकमत नाही. मी तिथून नमस्कार करून परत आलो.

सकाळी सगळे एकदम चालू केले तर एमसीबी पडतो, म्हणून मी एकेकाला थांबून थांबून उठवतो. वरच्या डाव्या कोपऱ्यापासून एकेक उजळत भिंत भरत जाते. ही विजेच्या भाराची तडजोड आहे. साहेबांना तो इफेक्ट वाटतो आणि पाहुण्यांना ते आवर्जून नऊ वाजता बोलावतात. परवा एका पाहुण्यांसमोर त्यांनी माझी पाठ थोपटली आणि त्याच उत्साहात बाजूला आणखी चार पॅनल लावायचा प्रस्ताव मांडला. वित्त शाखेचा अभिप्राय अनुकूल आहे. मोजणीचं यंत्र मात्र त्यात नाही.

म्हणजे आता सतरा ते वीस. विसाव्याला 'वीस' म्हणून हाक मारली तर ती बत्तिसाव्याला जाणार, आणि तो अजून खरेदीच झालेला नाही.