घरबसल्या नागझिरा : इच्छुकांसाठी सूचना

नागझिऱ्याला जायचं तर विदर्भ एक्स्प्रेसचं तिकीट लागतं, साहेबांची सही लागते आणि गुडघे लागतात. यांपैकी काहीच हाताशी नसलेल्या टेंभी नाका परिसरातील निसर्गप्रेमींसाठी पुढील सूचना काढण्यात येत आहेत.

प्रथम मराठी ग्रंथसंग्रहालय गाठावं. वि. ल. भावे यांनी १८९३ साली ते सुरू केलं. ताडोबाला राष्ट्रीय उद्यान म्हणायला १९५५ उजाडलं. ठाणेकरांची सोय वाघाच्या आधी झाली, ती अशी. नाक्यावरून पायी जाता येतं, जिप्सी लागत नाही. व्यंकटेश माडगूळकरांचं 'नागझिरा' मागावं. कुणी नेलं असेल तर चिडू नये. वेटिंग तिकडेही असतंच.

वाचन पहाटे पाचला करावं. सफारीची आणि नळाला पाणी येण्याची वेळ एकच असल्यामुळे पाणवठ्याचा आवाज आपोआप मिळतो. खाकी कपड्यांची गरज नाही, बनियन चालतं. शांतता पाळण्याचा नियम घरच्यांना आदल्या रात्रीच सांगून ठेवावा. सकाळी सांगितल्यास मिक्सर मुद्दाम लावला जातो. ताडोबाचा गाभा पावसाळ्यात बंद असतो, आपला आश्विनात. नाक्यावर देवी बसली की त्या ढोलताशांत चितळाची हाक ऐकू येणं अशक्य.

वाघाची घाई करू नये, हे सगळ्यांत महत्त्वाचं. जिप्सीतल्या माणसाने पैसे भरलेले असतात, त्याला वाघ दिसलाच पाहिजे. मग एका शेपटीमागे आठ गाड्या लागतात आणि आजूबाजूचं जंगल तसंच राहून जातं. माडगूळकर झाडाबुडी बसून राहतात. मारुती चितमपल्ली वनखात्यात नोकरी करताकरता 'नवेगावबांधचे दिवस' लिहितात, त्यात तलाव आहे, पाखरं आहेत, माणसं आहेत. पन्नास पानं वाघाविना गेली तरी ग्रंथपालाशी भांडू नये.

एक इशारा. माडगूळकरांचंच 'सत्तांतर' हाती धरून टेंभी नाक्यावर उभं राहू नये. साहित्य अकादमीने १९८३ साली त्याला पुरस्कार दिला आहे वगैरे कुणी ऐकून घेणार नाही. पुस्तक वानरांच्या टोळीवर आहे, असा खुलासा तर मुळीच करू नये. प्रकरण चिघळतं.

शेवटची अडचण घरातूनच येते. संजय गांधी राष्ट्रीय उद्यानाचं येऊर रिक्षाच्या अंतरावर असताना पुस्तकं कशाला, असं सौ. विचारतात. प्रश्न रास्त आहे. त्यावर २०१९ च्या फेब्रुवारीचा दाखला द्यावा : तेव्हा बिबट्या स्वतःच ठाण्यातल्या मॉलमध्ये शिरला होता आणि पुढे एका हॉटेलच्या तळघरात वनखात्याला सापडला. तो येतो, तर आपण कशाला जायचं? एवढ्याने भागलं नाही तर रविवारी येऊरला जावं, मात्र निघण्यापूर्वी पुस्तकाची मुदत वाढवून घ्यावी.